शिशाच्या पडद्याआडची नोकरी

बारावीला पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र घेतलेल्या कोल्हापूरच्या एखाद्या मुलीने क्ष-किरण तंत्रज्ञ होण्याचा मनोदय घरी बोलून दाखवला, की पहिला आक्षेप फीचा वा पगाराचा येत नाही. किरणांत वावरणाऱ्या मुलीला मूलबाळ होईल का आणि तिच्यासाठी स्थळ कोठून आणायचे, असा येतो.

हे भय अगदीच निराधार नव्हे. 1895 साली राँटगेनने क्ष-किरण शोधल्यानंतर उघड्या हातांवर यंत्र पारखणाऱ्या पहिल्या पिढीतील कित्येकांनी बोटे गमावली, काहींनी प्राणही. परंतु दिवा मालवल्यावर जसा खोलीत उजेड शिल्लक राहत नाही, तसेच बटण सुटताच हे किरणही उरत नाहीत. आणि ते असतात तेव्हा तंत्रज्ञ शिशाच्या आडोशामागे उभा असतो. अंतर दुप्पट केले की त्यांची तीव्रता चतुर्थांशावर येते. अंगावर पडलेल्या किरणांची मात्रा नोंदवणारा छातीवरचा टीएलडी बिल्ला दर तिमाहीस तपासणीला जातो आणि अणुऊर्जा नियामक मंडळाच्या दंडकाप्रमाणे पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलिसीव्हर्ट, तर कोणत्याही एका वर्षाची मात्रा 30 च्या पुढे जाता कामा नये. गरोदर कर्मचारिणीच्या गर्भासाठी मर्यादा याहून पुष्कळ कडक आहे. एमआरआयमध्ये तर क्ष-किरण नसतातच; तेथे जपायचे ते अष्टौप्रहर जागृत असलेल्या चुंबकाला, कारण लोखंडी सिलिंडर तो क्षणात खेचून घेतो.

'बटण तर दाबायचे!' हा दुसरा समज मला अधिक अन्यायकारक वाटतो. छातीच्या साध्या एक्स-रेतही हनुवटी वर, खांदे पुढे, म्हणजे खांद्याची हाडे फुप्फुसांवरून बाजूला सरतात, आणि मग 'मोठा श्वास घ्या, धरून ठेवा'. रुग्णाने तो अर्धवट घेतला, तर निरोगी हृदयही चित्रात थोराड दिसते. धाप लागलेल्या आजोबांकडून तो श्वास मिळवणे यंत्राच्या हातचे नाही.

मात्र चित्राचा अर्थ लावून अहवालावर सही करण्याचा अखत्यार डॉक्टरांचाच. सोनोग्राफीचे यंत्र तर 1994 च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याने पात्र डॉक्टरांच्याच हाती ठेवले असून, त्याची धग कोल्हापूर जिल्ह्याने विशेष अनुभवली आहे: 2001 च्या जनगणनेत येथे सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे 839 मुली होत्या, आणि पुढे लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी यंत्रांवर तपासण्यांची नोंद ठेवणारे 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवले गेले. तेव्हा सोनोग्राफीचा प्रोब हाती धरण्याची ज्याला हौस आहे, त्याने तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाचा नव्हे, एमबीबीएसचा अर्ज भरावा.