बुरसलेले धान्य आणि आपले यकृत

श्रोतेहो, खाटकाच्या दुकानात कलेजी म्हणून जो गडद तांबूस अवयव मिळतो, तसाच अवयव आपल्याही पोटात उजव्या बरगड्यांच्या आड असतो. आपल्या बोलीत त्याला काळीज म्हणत. पुढे माया, भीती, दुःख या साऱ्यांचे बिऱ्हाड आपण काळजात नेऊन ठेवले आणि काळीज म्हणजे हृदय असे धरून चाललो. म्हणून आता पुस्तकात त्याला यकृत म्हणावे लागते. मोठ्या माणसाचे यकृत सव्वा ते दीड किलो भरते.

त्याची जागा मोठी मोक्याची आहे. आतड्यातून रक्तात उतरलेला अन्नरस थेट सगळ्या अंगभर जात नाही, बराचसा आधी यकृतात येतो. गावच्या वेशीवर जकातीचा नाका असे ना, तसेच हे. काय ठेवायचे, काय पुढे सोडायचे, कशातले विष मोडायचे, हे तिथे ठरते. साहजिकच अन्नातून विष आले तर पहिला मार नाकेदारालाच बसतो.

यकृत बिघडले म्हटले की आपण दारूकडे बोट दाखवतो, आणि ते खोटे नाही. देशी असो वा विलायती, दारूने यकृत आधी चरबीने भरते, मग सुजते, शेवटी निबर होऊन आकसते. दारूच्या थेंबालाही न शिवणाऱ्या माणसाच्या यकृतात चरबी साठते, हेही आता गावोगाव दिसते. दिवसाकाठी सात-आठ कप गोड चहा, तळलेले फरसाण, बाटलीतली गोड पेये आणि अंगमेहनतीला रजा, ही त्याची कारणे. पण या दोन्ही गोष्टी तुम्ही पुष्कळदा ऐकल्या असतील. मला आज सांगायचे आहे ते घरच्या कणगीतल्या धान्याविषयी.

१९७४ सालच्या शरद ऋतूतली गोष्ट आहे. राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या लगतच्या जिल्ह्यांत, आदिवासी पाड्यांवर एकाएकी काविळीची साथ उठली. डोळे पिवळे होत, थोड्याच दिवसांत पोटात पाणी भरे, आणि माणूस हातचा जाई. नोंदलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. नेहमीची कावीळ दूषित पाण्यातून पसरते, पण इथे एक चमत्कारिक गोष्ट दिसली. घरातली कुत्रीही त्याच रोगाने मरत होती. माणसाचे आणि कुत्र्याचे समान काय, तर ताटातली उरलेली भाकरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी माग काढला तेव्हा तो मक्याच्या कणगीपाशी येऊन थांबला. काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला होता, कणसे ओली राहिली होती, तशीच साठवली गेली आणि त्यांच्यावर बुरशी धरली. मका हेच तिथले मुख्य अन्न. लोक तीच भाकरी रोज खात राहिले.

या बुरशीचे शास्त्रीय नाव अस्परजिलस फ्लेवस. रंगाने हिरवट पिवळी. ती दाण्यावर वाढताना एक विष सोडते, त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते प्रथम कळले तेही जनावरांमुळेच. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की या मोठ्या पाळीव पक्ष्यांची सुमारे एक लाख पिले पटापट मेली. शोध घेता त्यांच्या खाद्यातली भुईमुगाची पेंड विषारी निघाली.

या विषाची गंमत म्हणा, दुर्दैव म्हणा, असे की नाकेदार ते मोडायला जातो आणि त्या खटपटीतच ते अधिक जहाल होते. यकृतात त्याचे रूप पालटते आणि ते यकृताच्याच पेशींना चिकटते. एकदम पुष्कळ पोटात गेले तर बांसवाड्यासारखी गत होते. थोडे थोडे वर्षानुवर्षे गेले तर वरून काही दिसत नाही, पण यकृताच्या कर्करोगाची वाट तयार होते. ज्याच्या अंगात ब प्रकारच्या काविळीचे विषाणू आधीच ठाण मांडून आहेत, त्याला हा धोका कितीतरी पटींनी जास्त. त्या काविळीची लस बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत टोचून घ्यावी असे सांगतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

आता बायाबापड्या म्हणतील, "भाजून घेतले, तव्यावर शेकले म्हणजे विष जळत नाही का?" नाही जळत. बुरशी मरते, पण तिने सोडलेले विष चुलीच्या आचेला पुरते दाद देत नाही. धुवून, चोळून, उन्हात घालून दाणा चकचकीत दिसेल, पण आत मुरलेले विष तसेच राहील. त्याला वास नाही. खवट लागणारा शेंगदाणा आपण थुंकून टाकतो, ते बरेच. पण तोच दाणा कुटात मिसळून तिखटमिठात घातला की जिभेला पत्ता लागत नाही. म्हणून कूट घरी करावा, आणि दाणे आधी ताटात पसरून निवडावे. सुरकुतलेला, काळपट, किडीने पोखरलेला, बुरशीचा दाणा बाजूला काढावा. विष सगळ्या दाण्यांत सारखे नसते, ते अशा थोड्या दाण्यांतच एकवटलेले असते. निवडण्याचे हे काम आपल्या आजीबाई सुपात करीत, त्याला तोड नाही.

दुसरी आपली सवय अशी की माणसाला नको ते जनावराला घालायचे. बुरसलेली पेंड म्हशीला घातली तर त्या विषाचा काही अंश दुधात उतरतो, आणि दूध उकळले तरी जात नाही. ते दूध पितो कोण? घरातले सर्वांत लहान पोर. कोंबड्यांची पिले तर या विषाला फार हळवी. खराब धान्य ना गोठ्यात, ना खुराड्यात. ते खोल पुरून टाकावे.

खरा उपाय खळ्यावरच आहे. भुईमुगाच्या शेंगा इतक्या वाळवाव्या की कानाशी हलवल्या तर दाणा आत खुळखुळावा. कणसे जमिनीवर न टाकता ताडपत्रीवर पसरावी, रात्री दव पडण्याआधी झाकावी. पोती भिंतीला टेकवू नयेत, खाली फळ्या घालाव्या. पावसात भिजलेला माल कोरड्यात मिसळू नये. तसे केले तर दोन्ही जातात.

दाणा वाळला की नाही हे पाहण्याची एक युक्ती गुरुजींनी वर्गात जरूर करून दाखवावी. कोरडी काचेची बरणी घ्या, तिसरा हिस्सा मका भरा, त्यात दोन-तीन चमचे अगदी कोरडे मीठ टाका, झाकण लावून काही मिनिटे खडखडून हलवा आणि पंधरा मिनिटे तशीच ठेवा. मीठ काचेला चिकटून राहिले तर दाण्यात पंधरा टक्क्यांहून अधिक ओल आहे, अजून ऊन हवे. मीठ खाली गळून पडले तर तो मका साठवायच्या बेताला आला. भुईमुगाला मात्र याहूनही कोरडेपणा लागतो, तिथे या बरणीवर विसंबू नये. शाळेत मुलांच्या जेवणासाठी येणारे धान्यही असेच पाहून घ्यावे. पोत्याचे तोंड उघडताच कुबट वास आला, तळाशी गठ्ठे झालेले दिसले, तर ते शिजवू नये, परत करावे. रजिस्टरात तशी नोंद करायला संकोच कशाला?

हातावर पोट असलेल्या घराला धान्य टाका म्हणणे सोपे नाही, हे मी जाणतो. म्हणून पोतेच्या पोते टाका असे म्हणत नाही. एखाद्या कोपऱ्यातच ओल लागली असेल तर तो भाग वेगळा काढावा, उरलेले निवडून वाळवावे. आणि शक्य तेवढे एकाच धान्यावर राहू नये. मक्याबरोबर ज्वारी, तांदूळ, डाळ फिरती ठेवली म्हणजे एका पोत्यातले विष रोज ताटात येत नाही.

आणि घरात कोणाचे डोळे पिवळे झाले, लघवी गडद होऊ लागली, पोट फुगले किंवा रोगी गुंगीत जाऊ लागला, तर कावीळ उतरवणाऱ्याच्या दारात दिवस घालवू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. जाताना घरात काय धान्य खाल्ले जाते ते डॉक्टरांना सांगा, त्यातले मूठभर बरोबर न्या, आणि घरचे कुत्रे आजारी असले तर तेही सांगायला विसरू नका.