कुत्रा मध्येच बसला तर

पावसाळ्यात आंबोलीत पळताना उष्माघाताची आठवण कुणाला होत नाही. सुमारे ६९० मीटर उंची, दाट धुकं, अंगावर गार वारा. तरीही सावंतवाडीच्या बाजूच्या घाटात चढ लागला की सोबतचा कुत्रा बसकण मारतो, पट्टा ओढला तरी हलत नाही. ‘आळशी झालाय,’ म्हणून मालक आणखी जोरात ओढतो. इथेच चुकतं.

माणसाला अंगभर घाम येतो. कुत्र्याला तो येतो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना. अंग थंड ठेवण्याचं काम धापेवर चालतं. जिभेवरची, नाकातली ओल उडते आणि उष्णता बाहेर जाते. धुक्यात हवाच पाण्याने भरलेली. ओल उडणार कशी? पळणाऱ्या स्नायूंची उष्णता मात्र साठत राहते. लठ्ठ कुत्र्याला हे आधी जाणवतं. चपट्या नाकाच्या पगला तर धड धापही टाकता येत नाही. त्याला पळायला नेऊच नये.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस. ते ४१च्या वर गेलं तर जिवावर बेततं. लाळ चिकट, हिरड्या लालभडक, चाल अडखळती दिसली तर लगेच अंगावर साधं पाणी ओतावं, वारा घालावा आणि पशुवैद्य गाठावा.

रोजच बसत असेल, तर सांधे, हृदय, रक्त तपासून घ्यावं. गोचीडतापाने रक्त कमी झालं तरी दम लागतो. आणि हो, आधी पंजाच्या बोटांमध्ये बघावं. पावसाळ्यात तिथे जळू चिकटलेली असू शकते.