विद्युत् दाब नियामक, अवरोही स्विचन

जास्त एकदिश विद्युत् दाबापासून कमी व स्थिर एकदिश दाब मिळविण्यासाठी स्विचाची अतिशीघ्र उघडझाप आणि प्रवर्तक वेटोळ्यातील ऊर्जासंचय यांचा उपयोग करणारे इलेक्ट्रॉनीय मंडल. संगणक, दूरध्वनी यंत्रणा, वाहने व मापन उपकरणे यांत याचा सर्रास वापर होतो.

साध्या रेषीय नियामकात जादा दाब ट्रँझिस्टरवर खर्ची पडून त्याची उष्णता होते. १२ व्होल्टपासून ५ व्होल्ट दाबाने २ अँपिअर प्रवाह घ्यावयाचा असल्यास भाराला १० वॉट शक्ती मिळते व १४ वॉट वाया जाते. म्हणजे कार्यक्षमता सु. ४२ टक्केच असते. स्विचन नियामकात ती सामान्यतः ८० ते ९५ टक्के असते, कारण आदर्श स्विच एकतर पूर्ण चालू किंवा पूर्ण खंडित असतो व दोन्ही अवस्थांत त्यात शक्तिव्यय होत नाही.

तत्त्व : स्विच चालू असताना वेटोळ्याच्या एका टोकास आदान दाब व दुसऱ्या टोकास प्रदान दाब असतो. दोहोंतील फरकामुळे वेटोळ्यातील प्रवाह सरळ रेषेत वाढतो व त्याच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठते. स्विच खंडित होताच वेटोळे प्रवाह थांबू देत नाही. तो डायोडमधून भाराकडे वाहत राहतो व हळूहळू घटतो. स्थिर अवस्थेत वाढ व घट समान असल्याने, हानी दुर्लक्षिल्यास, प्रदान दाब म्हणजे आदान दाब व स्विच चालू राहण्याच्या कालांशाचा गुणाकार होय. प्रदान दाबाचा अंश संदर्भ दाबाशी ताडून हा कालांश आपोआप बदलला जातो, यास प्रतिसंभरण म्हणतात.

असे नियंत्रण एकाच संकलित मंडलात आणणारी एसजी १५२४ ही घटिका रॉबर्ट मॅमॅनो यांनी १९७६ मध्ये सिलिकॉन जनरल कंपनीत तयार केली. त्याच वर्षी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील मिडलब्रुक व चूक यांनी अशा मंडलांच्या गणिती विश्लेषणाची सर्वसाधारण पद्धत मांडली. पुढे स्विचही त्याच घटिकेत सामावला गेला. नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीची एलएम २५९६ ही १५० किलोहर्ट्‌झ कंप्रतेवर चालणारी व ३ अँपिअरपर्यंत प्रवाह देणारी घटिका याचे परिचित उदाहरण होय.

अभिकल्प : वरील उदाहरणात कंप्रता १५० किलोहर्ट्‌झ धरल्यास प्रत्येक आवर्तनाचा काल ६·६७ मायक्रोसेकंद असतो व त्यापैकी ५/१२ भाग, म्हणजे २·७८ मायक्रोसेकंद, स्विच चालू राहतो. प्रवाहातील चढउतार भारप्रवाहाच्या सु. ३० टक्के, म्हणजे ०·६ अँपिअर, ठेवावयाचा असल्यास ७ व्होल्टला २·७८ ने गुणून ०·६ ने भागावे, सु. ३२ मायक्रोहेन्री मूल्य येते व बाजारात मिळणारे ३३ मायक्रोहेन्रीचे वेटोळे योग्य ठरते. त्याचा गाभा शिखर प्रवाहास (सु. २·३ अँपिअर) संपृक्त होता कामा नये.

प्रदान धारित्र निवडताना त्याची धारणाच नव्हे, तर अंतर्गत रोधही पाहावा लागतो. २२० मायक्रोफॅराड धारणेमुळे दाबात सु. २ मिलिव्होल्टच तरंग येतो. परंतु त्याच धारित्राचा अंतर्गत रोध ०·१ ओहम असल्यास तो एकटाच सु. ६० मिलिव्होल्ट तरंग निर्माण करतो. डायोड जलद, शक्यतो शॉट्‌की प्रकारचा असावा. आदान धारित्र, स्विच व डायोड यांच्यातून जाणाऱ्या फेऱ्यातील प्रवाह क्षणार्धात बदलतो. म्हणून हा फेरा छापील मंडलावर शक्य तितका लहान ठेवतात. तो लांब झाल्यास गणित अचूक असूनही मंडल गोंगाटी होते.

दोषशोधन : स्विच व वेटोळे यांच्या सांध्यावरील दाबाचा आकार ऑसिलोस्कोपवर पाहणे ही परीक्षेची पहिली पायरी होय. शोधणीची भूतार लांब असल्यास ती स्वतःच खोटे सुळके दाखविते, म्हणून ती आखूड ठेवावी. भार अगदी कमी असताना वेटोळ्यातील प्रवाह शून्यावर येऊन सांध्यावर क्षीण होत जाणारी दोलने दिसतात. तो दोष नव्हे.

वेटोळ्यातील प्रवाह सरळ न वाढता अखेरीस एकदम उसळी घेत असेल, तर गाभा संपृक्त होत आहे असे समजावे. स्विच चालू राहण्याचा काल आवर्तनागणिक बदलत असेल व वेटोळे गुणगुणत असेल, तर प्रतिसंभरण अस्थिर झाल्याचा संशय घ्यावा. विद्युत् विच्छेद्य धारित्रासाठी अभिकल्पित केलेल्या मंडलात अत्यल्प रोधाचे सिरॅमिक धारित्र बसविल्यानेही असे घडते. अनेक वर्षे वापरलेल्या नियामकात तरंग वाढल्यास विद्युत् विच्छेद्य सुकून धारित्राचा अंतर्गत रोध वाढलेला असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी नुसती धारणा मोजून निष्कर्ष काढू नये.

प्रदान दाब आदान दाबाइतका चढल्यास स्विच लघुमंडलित झालेला असतो किंवा प्रदान दाबाचा अंश पोहोचविणारा रोधक तुटलेला असतो. या मंडलातील हा सर्वांत घातक दोष होय, कारण १२ व्होल्ट दाब थेट ५ व्होल्टच्या भारावर येऊन नियामकापेक्षा कितीतरी मौल्यवान उपकरण जळू शकते. म्हणून दुरुस्तीनंतर प्रथम मूळ भार काढून त्याजागी रोधक जोडावा व प्रवाहमर्यादा असलेल्या पुरवठ्यावर चाचणी घ्यावी. महत्त्वाच्या उपकरणांत अतिदाब होताच प्रदान लघुमंडलित करून वितळतार तोडणारी स्वतंत्र संरक्षक योजनाही करतात.