गडावरचे पाणी, गडाखालचे गाव

साताऱ्यास प्रथमच येणाऱ्या प्रवाशाची दृष्टी दक्षिणेकडील एका लांबट डोंगरावर खिळते. सपाट माथा, भोवती तुटलेला कडा, कड्यावर कोठे कोठे शाबूत राहिलेला तट, आणि आता त्या साऱ्यांहून उंच दिसणारा दूरदर्शनचा मनोरा, असे त्याचे रूप आहे. हाच किल्ले अजिंक्यतारा. सातारा हे नाव मूळचे या किल्ल्याचे. खाली पसरलेले शहर त्या मानाने अलीकडचे, सुमारे तीनशे वर्षांचे आहे. एके काळी मराठ्यांची राजधानी या माथ्यावर होती. आज तेथे वस्ती नाही. वरची राजधानी खाली का उतरली, या एका प्रश्नाचा शोध घेत आज आपण काही गड पाहणार आहोत.

गड पाहावयास शंभर-दीडशे मुलांची सहल नेऊ नये. पुढची मुले माथ्यावर पोहोचतात तेव्हा मागची पायथ्याशीच असतात, आणि शिक्षकांचा सारा वेळ मुले मोजण्यात जातो. इटली देशात टस्कनी व उंब्रिया या प्रांतांत डोंगरमाथ्यांवर वसलेली फार जुनी नगरे आहेत. सिएना, ओर्व्हिएतो, असिसी ही त्यांतील काही प्रसिद्ध नावे. तेथील गल्ल्या अरुंद व चढउताराच्या असतात. म्हणून जाणते प्रवासी आठ-दहा जणांची लहानशी तुकडी करतात, एक माहितगार वाटाड्या बरोबर घेतात आणि पायीच हिंडतात. आपणही दहा-बारा जणच जाऊ. देवडीत उभे राहून कोणी हलक्या आवाजात बोलले तरी सर्वांस ऐकू यावे, एवढीच आपली संख्या असावी.

वाटाड्याही पारखून घ्यावा. काही वाटाडे केवळ गोष्टी सांगतात. राजाच्या घोड्याने जेथून उडी घेतली अशी एक जागा तर बहुतेक गडांवर दाखवतात! गोष्टी ऐकण्यास हरकत नाही. पण चांगला वाटाड्या बोलतो थोडे आणि थांबवतो पुष्कळ. तो दरवाज्यापाशी थांबतो. दोन भक्कम बुरुजांच्या मध्ये दरवाजा का लपवला आहे, वाट त्याच्यासमोर येऊन एकदम का वळते, अडसर सरकवण्यासाठी भिंतीत केलेली पोकळ जागा कोणती, हे तो आपणांस विचारतो. आपण चुकलो की हसतो आणि त्या पोकळीत हात घालावयास लावतो. धावत येणारा हत्ती वळणावर मंदावतो व दरवाज्यास जोराने धडक देऊ शकत नाही, हे त्या वळणावर उभे राहिल्यावर जसे पटते, तसे पुस्तकात वाचून पटत नाही.

दरवाज्यातून आत गेल्यावर तो आपणांस पाण्याकडे नेतो. अजिंक्यताऱ्यावर सात तळी असल्याचे सांगतात. डोंगरावर तळे आले कोठून? सह्याद्रीचा खडक हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून झाला आहे. काही थर घट्ट, तर काही सच्छिद्र असतात. घट्ट कातळ खणून टाके केले की त्यात पावसाचे पाणी टिकते. सच्छिद्र थरात मुरलेले पाणी खालच्या घट्ट थराने अडते आणि कड्याच्या बाजूस झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. कारागिरांनी आणखी एक युक्ती साधली. टाके खोदताना जो दगड निघे, तोच तटास व वाड्यांस लावीत. खाण आणि तळे ही दोन्ही कामे एकदमच होत.

पाण्याचे हे महत्त्व रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त स्पष्ट केले आहे. किल्ला बांधण्यापूर्वी तेथे पाणी आहे की नाही हे पाहावे. पाणी नसेल आणि ते स्थळ तर बांधणे भागच असेल, तर आधी खडक फोडून टाकी करावीत, असे ते सांगतात. झरा असला तरी त्या एकावरच विसंबू नये. युद्धात तोफांच्या दणक्याने झरे आटण्याचा संभव असतो, म्हणून साठवणीची टाकी निराळी ठेवावीत, असा त्यांचा अभिप्राय आहे. ज्याने वेढे पाहिले व सोसले, त्यालाच हे सुचावे.

आता वाटाड्या आपणांस एक गणित घालतो. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि तीन मीटर खोल असे एक टाके धरा. त्यात तीनशे घनमीटर, म्हणजे तीन लक्ष लिटर पाणी मावेल. गडावर पाचशे माणसे आहेत आणि प्रत्येकास पिण्यास, रांधण्यास व धुण्यास मिळून दिवसाला केवळ दहा लिटर पाणी मिळते, असे समजा. रोज पाच हजार लिटर लागेल. टाके साठ दिवस पुरेल. आपल्याकडे आठ महिने पाऊस नाही. तेवढ्या दिवसांसाठी अशी चार टाकी हवीत. उन्हाने उडून जाणारे पाणी, घोडी व गुरे यांचा खर्च निराळाच. तथापि पाचशे माणसांचा निभाव लागू शकेल. मात्र त्याच जागी दहा हजारांचे शहर वसवले, तर रोज एक लक्ष लिटर पाणी लागेल आणि ते टाके तीन दिवसांतच रिकामे होईल!

हे गणित मनात ठेवून साताऱ्याचा इतिहास पाहू. शिवाजी महाराजांनी हा गड १६७३ मध्ये घेतला. पुढे जिंजीहून परतल्यावर राजाराम महाराजांनी येथे राजधानी केली. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेब बादशहा स्वतः गडाखाली येऊन बसला. किल्लेदार प्रयागजी प्रभू यांनी चार महिन्यांहून अधिक काळ गड झुंजविला. एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी मंगळाई बुरुजाकडे सुरुंग उडवले. पहिल्या स्फोटाने आतील मराठे दगावले. पण दुसऱ्या वेळी तट बाहेरच्या अंगास कोसळला आणि हल्ल्यासाठी दाटीने उभे असलेले मोगल सैनिकच त्याखाली मोठ्या संख्येने गाडले गेले. राजाराम महाराज मार्चमध्येच सिंहगडावर निवर्तले होते. अखेरीस एप्रिलमध्ये गड मोगलांच्या स्वाधीन झाला. बादशहाने आपल्या पुत्राच्या नावावरून त्यास आझमतारा म्हटले. मराठ्यांनी तो परत घेतल्यावर अजिंक्यतारा हे नाव रूढ झाले.

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये शाहू महाराजांची मोगलांच्या कैदेतून सुटका झाली आणि जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला. राज्य वाढू लागले. दरबारी, सरदार, कारकून, सराफ, व्यापारी, कासार, तांबट अशी नाना प्रकारची माणसे राजधानीकडे येऊ लागली. एवढ्यांना वर जागा पुरती ना, पाणी पुरते ना. शिवाय वेढ्याची भीतीही पूर्वीइतकी उरली नव्हती. पायथ्याशी शाहूनगर वसले. आजच्या मंगळवार, शनिवार, यादोगोपाळ या पेठांतून आणि चिमणपुरा, व्यंकटपुरा या भागांतून हिंडताना जुन्या वसाहतीच्या खुणा दिसतात. शहर खाली आले तरी पाण्यासाठी त्याने डोंगर सोडला नाही, ही मौजेची गोष्ट आहे. यवतेश्वराच्या डोंगराकडून शहरात पाणी आणले गेले. पुढे कासचा तलाव झाला व त्याचे पाणीही उताराने शहराकडे येऊ लागले. गडावर मनुष्यास पाणी चढवावे लागे. खाली ते आपोआप उतरून आले.

गडाच्या माथ्यावरून नैर्ऋत्येस पाहिले म्हणजे सज्जनगड दिसतो. याचे जुने नाव परळीचा किल्ला. समर्थ रामदासस्वामी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत येथे राहिले व १६८२ मध्ये येथेच त्यांनी देह ठेवला. अजिंक्यतारा ओस पडला, पण सज्जनगडावरची वस्ती मोडली नाही. तेथे मठ आहे, धर्मशाळा आहेत, येणाऱ्या भाविकांस प्रसादाचे जेवण मिळते. गडावर घोडाळे व सोनाळे अशी तळी आहेत. समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी उरमोडी नदीचे पाणी हंडे भरून गडावर आणीत, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे आणि पाण्याचे ते हंडे मठात आजही दाखवतात. पायऱ्या चढून धाप लागल्यावर त्या हंड्यांसमोर उभे राहावे. मग कथेचे वजन कळते. आता त्याच उरमोडीवर धरण झाले असून त्याचा जलाशय वरून पसरलेला दिसतो.

साताऱ्याकडील हे गड पाहून आपण सांगलीकडे वळू. हे दोन जिल्हे एके काळी निराळे नव्हते. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग करण्यात आले, आणि दक्षिण साताऱ्यास १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. सांगली व मिरज येथील किल्ले भुईकोट आहेत. डोंगरी किल्ला पाहण्यासाठी खानापूर तालुक्यातील बाणूरगडास जावे. त्याचेच नाव भूपाळगड. येथे पोहोचताच डोळ्यांस पहिला फरक जाणवतो तो पावसाचा. महाबळेश्वरास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. या बाजूस त्याचा जेमतेम दहावा हिस्सा मिळतो. माळ उघडे, झाडे विरळ. अशा दुष्काळी मुलखात गड असावा तो आदिलशाहीच्या सीमेवर नजर ठेवण्यासाठी. १६७९ मध्ये दिलेरखानाने तो घेतला, तेव्हा चाकणच्या लढ्याने नावाजलेले फिरंगोजी नरसाळा येथे किल्लेदार होते. शिवाजी महाराजांच्या हेरखात्याचे प्रमुख बहिर्जी नाईक यांची समाधी याच गडावर आहे. तटाचे अवशेष थोडेच उरले आहेत. येथे वाटाड्या नसेल तर मनुष्य समाधी पाहून परततो, आणि आपण ज्या ओळीवरून चाललो तो तटाचा पाया होता हे त्यास कळतही नाही.

मग इटलीतील डोंगरी नगरे का टिकली? तेथेही पाण्याची अडचण होतीच. सिएना हे नगर मोठ्या नदीपासून दूर, टेकड्यांवर वसले आहे; तेथील लोकांनी जमिनीखाली सुमारे पंचवीस किलोमीटर लांबीचे बोगदे खोदून झऱ्यांचे पाणी चौकाचौकांत खेळविले. पण एवढी मेहनत का केली? कारण ते नगर त्यांचे स्वतःचे होते. कारागिरांच्या व व्यापाऱ्यांच्या पिढ्या तेथे नांदत होत्या. बाजार, देवालये, न्यायसभा हे सारे वरच होते, आणि खालच्या काही सखल भागांत दलदल व हिवताप होता. आपल्या बहुतेक गडांवर मात्र हवालदार, सबनीस, कारखानीस व शिबंदी असे राज्याचे नोकर राहत. १८१८ मध्ये इंग्रजांनी गड ताब्यात घेतले, त्यांची नोकरी संपली, आणि वर राहण्याचे प्रयोजनही संपले. केवळ पाण्याअभावी गड ओस पडले असे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. पाणी चढवण्याची उमेद ज्याच्यासाठी धरावी, तो संसार वर नव्हता.

याला एक ठळक अपवाद आहे, आणि तो पाहिल्यावाचून ही सफर पुरी होत नाही. सांगलीहून कोल्हापूरमार्गे पन्हाळ्यास जाता येते. पन्हाळा हा गड असूनही जिवंत गाव आहे. सुमारे सात किलोमीटर घेराच्या तटात घरे, शाळा, दुकाने व नगरपरिषद नांदत आहेत. साताऱ्याचा प्रतापगड आणि हा पन्हाळा या दोघांचाही जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घातला होता, तो चार महिने चालला. इतके दिवस आतील माणसे काय खात होती, याचे उत्तर गंगा, यमुना व सरस्वती या नावांची अंबरखान्यातील प्रचंड कोठारे पाहून मिळते. ती काय पीत होती, याचे उत्तर अंधारबावीत मिळते.

अंधारबाव ही आदिलशाही काळातील तीन मजली विहीर आहे. बाहेरून ती विहीर वाटतच नाही, एखादी दगडी इमारत वाटते. सर्वांत खाली पाणी. वर पहारेकऱ्यांची जागा. आणि मधल्या मजल्यातून तटाबाहेर पडण्याची चोरवाट. शत्रूने पाण्यात विष कालवू नये म्हणून विहिरीवर जणू किल्ल्यातील किल्लाच बांधला आहे. इटलीतील ओर्व्हिएतो नगरात अशाच भीतीपोटी एक विहीर झाली. १५२७ मध्ये रोम शहर लुटले गेले तेव्हा पोप सातवे क्लेमेंट यांनी या नगराचा आश्रय घेतला, आणि वेढा पडल्यास पाणी कमी पडू नये म्हणून विहीर खणवली. ती १५३७ मध्ये पुरी झाली. खोली सुमारे त्रेपन्न मीटर; आत एकमेकींस कोठेही न मिळणारे दोन चक्राकार जिने, प्रत्येकी २४८ पायऱ्यांचे. एका जिन्याने खेचरे रिकामी उतरत व दुसऱ्याने पाणी घेऊन चढत, त्यामुळे वाटेत खोळंबा होत नसे.

अंधारबावीत खेचरांची सोय नाही, माणसांचीच दाटी होते. पायऱ्या काळोख्या आहेत आणि उन्हातून आलेल्या डोळ्यांस आधी काहीच दिसत नाही. अशा वेळी वाटाड्या आपल्या तुकडीस भिंतीच्या कडेने उभे करतो व थोडा वेळ गप्प राहावयास सांगतो. हळूहळू दगडांचे सांधे दिसू लागतात, मग कमान, आणि शेवटी खाली काळेभोर पाणी.