कळसूबाईवर बर्फ नाही, म्हणून काय झालं?

हवामानबदल आणि डोंगर हे दोन शब्द एकत्र आले की आपल्याला गंगोत्री आठवते. मागे सरकणारी हिमनदी, फुटणारी हिमसरोवरं, बातम्यांतली ती दृश्यं. अहिल्यानगर जिल्ह्यात राज्यातलं सर्वांत उंच शिखर आहे, १६४६ मीटरचं कळसूबाई. शेजारी रतनगड, हरिश्चंद्रगड आहेत. पण अकोले तालुक्यातल्या या डोंगरांचं नाव त्या चर्चेत क्वचितच निघतं. निघालं तरी सोबत काही पक्के समज येतात.

‘आपल्याकडे बर्फच नाही, तर वितळणार काय?’

बर्फ नाही हे खरं. सह्याद्रीच्या नद्या पावसावर चालतात. प्रवरा रतनगडावरून निघते, मुळा हरिश्चंद्रगडाच्या परिसरातून. पण हिमनदीचं एक काम लक्षात घ्यायला हवं: थंडीत साठवलेलं पाणी ती उन्हाळ्यात हळूहळू सोडते. सह्याद्रीत हेच काम उतारावरची माती, मुरूम, जंगलाचा पालापाचोळा आणि कातळातल्या भेगा करतात. हिमालयाकडे निदान मुदत ठेव आहे, आपल्या डोंगरांचं मात्र हातावर पोट आहे. चार महिन्यांत जे मुरेल त्यावर पुढचे आठ महिने काढायचे.

शिवाय इथला काळा पाषाण पाणी धरण्याच्या बाबतीत कंजूस आहे. लाव्ह्याचा घट्ट थर पाणी आत घेत नाही. त्याच्या वरखालच्या भेगाळ, कुजक्या थरांत थोडंफार पाणी थांबतं आणि झऱ्यावाटे बाहेर येतं. म्हणूनच घाटघर-रतनवाडीकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये डोंगरातल्या वाड्यांवर हंडे घेऊन झरा गाठावा लागतो. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर पडतो. पाण्याची ओढ मात्र दोन्हीकडे आहे.

‘धरण भरलं, म्हणजे पाऊस चांगला झाला’

जिल्ह्यात हा समज सर्वांत खोलवर रुजलेला आहे, आणि त्यात आपलं काही चुकतंय असं कुणाला वाटतही नाही. १९२६ साली पूर्ण झालेलं भंडारदरा धरण सुमारे अकरा टीएमसीचं, राहुरीजवळचं मुळा धरण सव्वीस टीएमसीचं. जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यांचे डोळे त्यांच्या टक्केवारीवर असतात. ते साहजिक आहे, खालचा ऊस आणि नळ त्यावरच अवलंबून आहेत.

पण धरण जे मोजतं ते वाहून आलेलं पाणी. भीज पाऊस आठवडाभर लागला तर जमीन पिते. तेवढाच पाऊस दीड दिवसात कोसळला तर जमिनीला प्यायला उसंत मिळत नाही, पाणी माती घेऊन थेट ओढ्याला लागतं. धरण लवकर भरतं, झरा लवकर आटतो. एकच पाऊस खालच्यांना सुकाळाचा वाटतो आणि वरच्यांना टंचाईचा.

आणि पावसाची चाल तिकडेच वळते आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या मध्य भारताच्या पट्ट्यात, मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. याच काळात या भागातला मोसमी पाऊस एकूणात मात्र घटला. वर्षाची सरासरी पाहून समाधान मानणाऱ्याला यातली अतिवृष्टीची वाढ दिसत नाही.

‘२०३५ पर्यंत हिमालयातला बर्फ संपणार’

नाही. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या (आयपीसीसी) २००७ च्या अहवालात ही चूक शिरली होती आणि २०१० च्या जानेवारीत समितीने ती जाहीरपणे मान्य केली. पण चूक निघाली म्हणून धोका टळला असंही नाही. काठमांडूच्या ‘आयसीमोड’ संस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी हिंदुकुश-हिमालयातला सुमारे एक तृतीयांश बर्फ या शतकाअखेर जाईल.

‘गरम झालं तर झाडं, प्राणी वर सरकतील’

काही सरकतातही. उंची वाढते तशी हवा थंड होत जाते, हजार मीटरला साधारण साडेसहा अंश. म्हणजे तापमान एका अंशाने वाढलं की जुना गारवा शोधायला सुमारे दीडशे मीटर वर जावं लागतं. हिमालयात वर जायला हजारो मीटर आहेत. कळसूबाईच्या माथ्याजवळ राहणाऱ्या जीवाला वर फक्त मंदिर आहे, त्यापुढे आभाळ. शेजारचं शिखर गाठायचं तर मध्ये खोल, उष्ण दरी. हरिश्चंद्रगडाचा तारामती माथा १४०० मीटरच्या थोडाच वर आहे. आपल्या डोंगरांना बर्फ नसल्याने धोका कमी आहे असं म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा करून पाहावं. हे डोंगर बुटके आहेत, आणि तीच त्यांची अडचण आहे.

‘हे सगळं हवामानबदलामुळेच’

ही पळवाट हल्ली फार सोयीची झाली आहे. हरिश्चंद्रगडाच्या दक्षिणेला, आंबेगाव तालुक्यातल्या माळीणमध्ये ३० जुलै २०१४ रोजी दरड कोसळून दीडशेहून अधिक माणसं गेली. पाऊस प्रचंड होता, पण डोंगराच्या उतारावर केलेल्या फेरफारांचाही प्रश्न तेव्हा पुढे आला होता. भंडारदऱ्याच्या काजव्यांचंही तसंच. काजव्याची अळी ओलसर मातीत गोगलगायी खाऊन वाढते, त्यामुळे वळवाच्या सरी हुकल्या तर त्याचा हंगाम बिघडू शकतो. पण ते पाहायला येणाऱ्यांच्या गाड्यांचे प्रखर दिवे, झाडाखाली तुडवली जाणारी माती आणि फोटोसाठी मारलेले विजेरीचे झोत यांना हवामान जबाबदार नाही. नर-मादी एकमेकांना लुकलुकण्यावरून ओळखतात. त्या अंधारात हेडलाइट टाकणं हा निव्वळ पर्यटकी अडाणीपणा आहे.

‘उघडं पठार पडीक असतं, झाडं लावा’

वृक्षारोपणाचा उत्साह चांगला, जागा चुकीची. सह्याद्रीच्या माथ्यावरचं कातळी पठार मुळात झाडांचं नाहीच. तिथे बोटभर मातीत पावसाळी गवत आणि रानफुलं चार महिन्यांत आपला संसार उरकून घेतात. हरिश्चंद्रगडाच्या परिसरात आढळणारी ‘सेरोपेजिया लॉई’ ही कंदीलपुष्पाची दुर्मीळ जात महाराष्ट्राबाहेर सापडत नाही. उन्हाळ्यात तिचा जमिनीवर मागमूस नसतो, सगळा जीव मातीखालच्या कंदात. पडीक समजून तिथे मे महिन्यात खड्डे खणायला घेतले, तर कुदळीला सर्वांत आधी लागतो तो हाच कंद.