डोळ्याच्या आंतला दाह

पावसाळा सुरू झाला कीं डोळे येण्याची सांथ आपल्या ओळखीची आहे. 2023 च्या जुलैंत ती महाराष्ट्रभर पसरली होती, हें पुष्कळांना आठवत असेल. घरांत एकाचे डोळे आले कीं पाठोपाठ चौघांचे येतात. डोळा लाल होतो, चिपडें धरतात, सकाळीं पापण्या चिकटून बसतात, आणि आठपंधरा दिवसांत बहुधा सर्व आपोआप निवळतें. या सोयीस्कर अनुभवामुळें आपली अशी समजूत होऊन बसली आहे कीं, लाल डोळा म्हणजे आलेला डोळा. श्रोतेहो, आज ज्या विकाराविषयीं मला आपल्याशीं बोलावयाचें आहे, तो याच समजुतीआड लपून दृष्टि घेऊन जातो.

आमच्या पनवेलचेच एक गृहस्थ. वय तिशीचें, नोकरीसाठीं रोज लोकलनें मुंबईस जाणारे. उजवा डोळा लाल झाला तेव्हां त्यांनीं प्रथम गुलाबपाणी घातलें. मग कोणा डॉक्टरास न दाखवितां दुकानांतून थेंब आणले. सतराव्या दिवशीं ते माझ्याकडे आले ते डोळ्यावर रुमाल धरून, कारण खिडकीचा उजेडहि त्यांना सोसवत नव्हता. चिपडांचा मागमूस नव्हता. पाणी मात्र वाहत होतें. आलेल्या डोळ्यांत लाली पापणीच्या बाजूस अधिक असते; येथें ती बुबुळाभोंवतीं कड्यासारखी दाटली होती. अक्षरें धुरकट दिसत होतीं. आणि डोळ्याची बाहुली वाटोळी नव्हती. किडीनें कुरतडलेल्या पानासारखी ती वेडीवांकडी झाली होती.

असें कां व्हावें? डोळ्याच्या पांढऱ्या कवचाखालीं रक्तवाहिन्यांनीं भरलेलें दुसरें एक काळपट आवरण असतें. पुढें बाहुलीभोंवतींचा रंगीत पडदा, त्यामागें भिंगाला सांवरून धरणारें स्नायूचें कडें, आणि सर्वांत मागें दृष्टिपटलाला रक्त पुरविणारा थर, हे त्याचे तीन भाग. जुन्या शरीरशास्त्रज्ञांना तें द्राक्षासारखें दिसलें. म्हणून द्राक्षाच्या लॅटिन नांवावरून त्याचें नांव पडलें, आणि त्याच्या दाहाला डॉक्टर युव्हायटिस म्हणूं लागले. रंगीत पडदा सुजला कीं त्यांतून चिकट द्रव पाझरतो आणि पडद्याची कड मागच्या भिंगाला डकते. डकलेल्या जागीं बाहुली उघडूं शकत नाहीं. ती सर्व बाजूंनीं डकली तर आंतल्या पाण्याची वाट अडते, दाब चढतो, आणि काचबिंदूनें दृष्टीची नस सुकूं लागते. म्हणून या रोगांत एकेका दिवसाला किंमत आहे.

रोग ओळखण्याचें मुख्य साधन म्हणजे स्लिट लॅम्प. स्वीडनचे आल्वार गुलस्ट्रांड यांनीं 1911 सालीं तें पुढें आणलें. माजघरांत कौलाच्या फटींतून कवडसा पडला कीं एरव्हीं न दिसणारे धुळीचे कण त्यांत नाचतांना दिसतात. तीच ही युक्ति. प्रकाशाची अरुंद पट्टी डोळ्यांत सोडली कीं दाहामुळें आंतल्या पाण्यांत उतरलेल्या पेशी तरंगतांना दिसतात. नुसत्या बॅटरीनें हें दिसत नाहीं.

मागच्या थराचा दाह मात्र अधिक कपटी. तेथें बहुधा लालीहि नाहीं, ठणकाहि नाहीं. डोळ्यांपुढें काळे ठिपके किंवा जाळीं तरंगतात आणि नजर मंद होते. लहान मुलांच्या एका प्रकारच्या संधिवातांतहि डोळा पांढराशुभ्र राहून आंत दाह चालूं असतो. मूल तक्रार करीत नाहीं. म्हणून अशा मुलाचे डोळे, तें कांहीं म्हणो वा न म्हणो, ठराविक मुदतीनें तपासून घ्यावे लागतात.

आतां कारणांकडे वळूं. पुष्कळदां कारण सांपडतच नाहीं. सांपडतें तेव्हां तें बहुधा डोळ्याबाहेर असतें. आमच्या गृहस्थांस मीं विचारलें, सकाळीं उठतांना कंबर धरते काय? त्यांना आश्चर्य वाटलें. दोन वर्षें धरत होती. लोकलची गर्दी हें कारण त्यांनीं ठरवून टाकलें होतें. वस्तुतः तो मणक्यांचा संधिवात होता, आणि त्याचा व या दाहाचा संबंध फार जवळचा. आपल्या देशांत क्षयाचा विचार तर नेहमींच करावा लागतो. पनवेलजवळ नेरें येथें शांतिवन ही कुष्ठसेवेची संस्था आहे. कुष्ठाचे जंतु शरीराच्या थंड भागांत रमतात, आणि डोळ्याचा पुढचा भाग तसाच असल्यामुळें, तेथें ठणका न देतां वर्षानुवर्षें दाह धुमसत राहतो आणि बाहुली टांचणीच्या डोक्याएवढी होऊन जाते. चिखलपाण्यांतून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचेंहि तसेंच. मदुराईस 1993 च्या पुरानंतर, 1994 सालीं, त्याच्या पाठीमागून डोळ्यांच्या आंतल्या दाहाचे रोगी एकाएकीं वाढले. ताप उतरल्यावर कित्येक आठवड्यांनीं, कधीं महिन्यांनीं, डोळा धरतो. तोंवर भातखाचरांतला तो ताप रोगी विसरूनहि गेलेला असतो. आम्हां कोंकणांतल्या डॉक्टरांनीं तरी तो विसरतां कामा नये.

उपचारांत दोन गोष्टी मुख्य. बाहुली मोठी करणारे थेंब पडदा डकूं देत नाहींत, आणि स्नायूचा पीळ सुटल्यामुळें ठणकाहि उतरतो. यांतलें जुनें औषध अॅट्रोपिन आपल्या धोतऱ्यांतहि असतें. पण म्हणून कोणीं धोतऱ्याचा रस डोळ्यांत पिळूं नये, तें विष आहे. दुसरें औषध स्टेरॉइड. संधिवाताच्या रोग्यास कॉर्टिझोन प्रथम 1948 सालीं दिलें गेलें, त्याच्या संशोधनास 1950 चें नोबेल पारितोषिक मिळालें, आणि या विकाराचें सारें चित्र पालटलें. थेंब सुरुवातीस दर तासाला घालावे लागतात, मग आठवड्यांच्या हिशेबानें कमी करावयाचे. बरें वाटलें म्हणून एकदम थांबविले कीं दाह उसळून येतो. उलट, नागिणीच्या जातीच्या विषाणूंनीं बुबुळावर व्रण झाला असतां हेच थेंब तो व्रण पसरवितात, आणि तपासणीवांचून महिनोन्महिने घातल्यास मोतीबिंदु व काचबिंदु आणतात. एकाच्या डोळ्यास लागू पडलेली बाटली शेजाऱ्यास देणें हा परोपकार नव्हे. मूळ क्षय किंवा कुष्ठ असेल तर त्याचें औषध बरोबरीनें हवेंच. दाह वारंवार उलटत असेल तर मेथोट्रेक्सेट किंवा अॅडॅलिम्युमॅबसारखीं औषधें रक्ततपासण्या करीत द्यावीं लागतात.

त्या गृहस्थांचा दाह सात आठवड्यांत शमला. तीन ठिकाणीं डकलेली बाहुली दोन ठिकाणीं सुटली. तिसरी जागा सुटली नाहीं. नजर जवळजवळ पूर्ववत् आहे, पण आरशांत नीट पाहिल्यास त्यांच्या उजव्या बाहुलीला खालच्या बाजूस एक कोपरा दिसतो. गेल्या वर्षीं डावा डोळा उजेडाला टोंचूं लागला, तेव्हां ते त्याच संध्याकाळीं दवाखान्यांत आले होते.