एका बाटलीतले दोन डोस

सकाळी ८. मिरजेच्या आमच्या कॅन्सर डे-केअरमध्ये दिवस सुरू होतो तो फ्रिजपाशी. तापमान २ ते ८ अंशांत आहे ना, हे बघून वहीत टिपते. निवोलुमॅब या कॅन्सरवरच्या औषधाची ४० मिलिग्रॅमची एकच बाटली आहे आणि आज तिचे दोन वाटेकरी: तासगावचे मामा आणि कोरेगावच्या मावशी. दोघांची तारीख मुद्दाम जुळवलीय. एकालाच बोलावलं, तर उरलेलं अर्धं औषध वाया जातं. इतकं महागडं औषध टाकून देणं मला पाप वाटतं.

९. वजन, बीपी, थायरॉइडचा रिपोर्ट. "मामा, खोकला, दम, जुलाब?"

"जुलाब न्हाईत सिस्टर, पर त्वांड उघडंना."

तंबाखू-सुपारीने जबडा आखडलाय. दोन बोटंही आत जात नाहीत. मावशींची चाळीस वर्षांची मशेरी.

१०.३०. फार्मासिस्ट प्रत्येकासाठी २ मिलिलिटर, म्हणजे २० मिलिग्रॅम, औषध काढून सलाईनमध्ये सोडतो. पिशवी हलक्या हाताने उलटीसुलटी करायची, जोरात हलवायची मात्र नाही. हे प्रोटीन आहे, घुसळलं की बिघडतं. नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅमचा. डोक्याच्या आणि मानेच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये २० मिलिग्रॅमही उपयोगी पडतात, हे मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने १५१ रुग्णांवर अभ्यास करून दाखवलं. २०२२ मध्ये निष्कर्ष आले: नुसत्या केमोच्या गोळ्यांवर वर्षभर जगणारे १६.३ टक्के होते, सोबत हा छोटा डोस दिल्यावर ४३.४ टक्के. आमच्या भागातल्या माणसांसाठी याहून मोलाचं संशोधन मला ठाऊक नाही.

११. फिल्टर लावून अर्ध्या तासाचं सलाईन. मावशींची नात बी.एस्सी.ला आहे. विचारते, "आमच्या शेजारच्या काकांना हेच दिलं होतं, त्यांना गुण का आला नाही?"

तिला सांगते, रोगाशी लढणाऱ्या आपल्या टी पेशींना पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. जपानचे शास्त्रज्ञ होंजो यांच्या प्रयोगशाळेने तो १९९२ मध्ये शोधला. २०१८ चं नोबेल त्यांना आणि अमेरिकेचे शास्त्रज्ञ ॲलिसन यांना मिळालं. आपलं औषध तो ब्रेक सोडवतं; हीच इम्युनोथेरपी. पण गाठीत टी पेशी शिरल्याच नसतील, तर ब्रेक सोडवून काय होणार? म्हणून आता वेगळी प्रोटीनं घडवतात. काहींचा एक हात कॅन्सरपेशीला धरतो, दुसरा टी पेशीला. रक्ताच्या कॅन्सरसाठी असं ब्लिनाटुमोमॅब अमेरिकेत २०१४ मध्ये मंजूर झालं, डोळ्यातल्या मेलॅनोमासाठी टेबेन्टाफुस्प २०२२ मध्ये. काहींत गाठ ओळखणारा भाग आणि टी पेशींना बोलावणारा संदेश एकत्र जोडतात. तोंडाच्या घट्ट गाठींवर हे काम अजून चाचण्यांतच आहे. ते लवकर व्हावं, असं मला रोज वाटतं.

१ ते ४. इतरांच्या केमो, नोंदी, उभ्याउभ्या डबा.

४.१५. मावशींना साताऱ्याची एसटी गाठायचीय. गोळ्यांचा कागद नातीकडे देते.

५.३०. इम्युनोथेरपी घेतलेल्या एका जुन्या रुग्णाच्या घरून फोन: सकाळपासून आठ जुलाब, मेडिकलमधून गोळी आणून दिलीय. लगेच घेऊन यायला सांगते.

घरात कुणाला इम्युनोथेरपी चालू असेल किंवा काही महिन्यांपूर्वी संपली असेल, तर नवा खोकला, दम, जुलाब अंगावर काढू नका. हे जंतूंमुळे नसून ब्रेक सुटलेल्या पेशींमुळे असू शकतं. तसं असेल तर बहुतेकदा स्टेरॉइड लागतात, तेही वेळेत. गावच्या डॉक्टरांनाही आधी तेच सांगा: इम्युनोथेरपी झालीय.